दहा तारखेला लाट उतरेल

"ऐका रं ऐका. आर्द्रा कोरडी जाईल, मघा भरून देईल. तांबडं धान तेजीत, पांढरं धान मंदीत. मेंढीच्या पाठीवर लोकर टिकंल, लोकरीवर दव टिकंल. उपाशी मानूस दारात येईल, दार उघडं राहील."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सात वर्षांचा होतो आणि अब्बांच्या खांद्यावर बसलो होतो. निजामाचं राज्य होतं. आवाज बिरप्पा धनगराचा होता, पण अब्बा म्हणाले, "बिरप्पाचा नव्हे, बिरोबाचा. बिरप्पा नुसतं तोंड देतो."

दर दसऱ्याला आमच्या गावात देवळापुढं ही भाकणूक होते. येत्या वर्षाचा पाऊस, धान्य, मेंढरं, सगळं देव सांगतो आणि ते बोलायला बिरप्पाच्या घरातला एक पुरुष पांढरा अंगरखा घालून उभा राहतो. तो अंगरखा आमच्या घरानं शिवायचा, ही रीत. आजोबांनी शिवला, अब्बांनी शिवला, आता मी शिवतो. देव धनगरांचा आणि शिलाई मुसलमानाची, यात गावात कुणाला कधी काही वाटलं नाही. देवालाही वाटलं नसावं, तसं त्यानं भाकणुकीत कधी सांगितलं नाही.

पुढं निजाम गेला. हैदराबाद राज्य गेलं. आम्ही आधी मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात गेलो, आणि हा सगळा प्रवास गावातल्या गावात बसून झाला. त्यात मला टपाल कचेरी मिळाली. कचेरी म्हणजे माझ्या शिलाई मशीनशेजारी ठेवलेली एक लोखंडी पेटी. उमरग्याहून सात मैलांवरून टपालाचा थैला येतो, मी तो फोडतो, पत्रं वाटतो, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवतो. लोक मला मास्तर म्हणू लागले. दर्जी म्हणून बोलावताना अजून गफारच म्हणतात.

एकसष्ट सालच्या सप्टेंबरात, भादवा निम्मा सरला तेव्हा, त्या थैल्यात बिरदेवचं पत्र आलं.

बिरदेव म्हणजे बिरप्पाचा एकुलता एक मुलगा. उमरग्याला शिकला, हैदराबादला हवामानाच्या कचेरीत लागला आणि तिथून त्याची बदली समुद्रातल्या एका बेटावर झाली. बेटाचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही, म्हणून गावात त्याला नुसतं 'बेट' म्हणत. दुसरं बेट कुणाला माहीत नसल्यानं घोटाळा झाला नाही.

पत्र ऐकायला बिरप्पा आणि हरणाबाई दुकानात येऊन बसले. बिरप्पा सत्तरीचा, दोन पावसाळे खोकून खोकून वाकलेला. आवाज बसला होता. यंदा भाकणुकीला बिरदेवच उभा राहणार, हे गावानं ठरवून टाकलं होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची रीतच नव्हती.

मी वाचायला लागलो.

"बेटाभोवती पाण्याखाली प्रवाळाचा खडक आहे. आपण मेंढरांभोवती वाघर लावतो ना, जाळीचं कुंपण, तसा गोल. आत पाणी निवांत, बाहेर समुद्र. त्या वाघरीला एकच दार आहे. आगबोट बाहेर थांबते आणि आम्ही लहान नावेतून दारातून बाहेर पडतो. दारावर लाट पाच फुटांच्या वर फुटत असली तर नाव सुटत नाही. म्हणून लाट मोजायची आणि पुढं कशी राहील त्याचा अंदाज लिहायचा, हे माझं काम. सध्या दक्षिणेकडून लांबची लाट येते आहे. इथं वारा नाही, ऊन स्वच्छ आहे, तरी लाट येते, कारण वादळ आठ दिवसांमागं भलतीकडंच होऊन गेलेलं असतं. माझ्या अंदाजानं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लाट नऊ ते बारा फूट राहील. सात तारखेपासून उतरू लागेल. दहा तारखेला दोन-तीन फूट, समुद्र शांत. दहाच्या आगबोटीनं निघतो आणि दसऱ्याच्या आत घरी पोचतो."

हरणाबाईनं विचारलं, "बारा फूट म्हंजी केवढं रं गफार?"

"माझ्या दुकानाच्या पत्र्याच्या वर."

"पानी?"

"पाणी."

"अन् ह्यो तितं काय करतो?"

"मोजतो."

"मोजून?"

"लिहितो."

हरणाबाईनं थोडा विचार केला. "अन् सरकार त्येला भाकर घालतं?"

"घालतं."

"बरं हाय," ती म्हणाली. बिरप्पा म्हणाला, "आनिक काय लिवलंय?"

पाकिटात आणखी एक घडी केलेली चिठ्ठी होती आणि तिच्यावर माझं नाव होतं. मी ती तोवर मनातल्या मनात वाचली होती. "गफारचाचा, हे फक्त तुमच्यासाठी. यंदा अंगरखा माझ्या अंगावर घालणार, हे मला ठाऊक आहे. मी नाही म्हणायला येतो आहे. देव माझ्याशी बोलत नाही. लहानपणापासून देवळात कान देऊन बसलो, काही ऐकू आलं नाही. ऐकू न येता त्याच्या नावानं बोलणं मला जमणार नाही. आबांना मी स्वतः सांगेन. तोवर तुम्ही गप्प राहा."

"खुशाल आहे म्हणतो," मी म्हणालो आणि चिठ्ठी बॉबिनच्या डबीखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरणाबाई ओढ्यावर बायकांना म्हणाली, माझ्या लेकानं लिवलंय, दहा तारखेला उतरनार. काय उतरणार, ते तिनं सांगितलं होतं की नाही, यावर पुढं बराच वाद झाला. दुपारपर्यंत गावभर झालं की बिरदेवानं बेटावरनं भाकणूक धाडली.

संध्याकाळी उत्तरेश्वर दुकानात आला. उत्तरेश्वर गावचा पंच, दसऱ्याच्या जत्रेचा सगळा बंदोबस्त त्याच्याकडं. तो म्हणाला, "मास्तर, कागद पुन्यांदा वाचा."

मी वाचला. वाचून म्हणालो, "हे समुद्राचं आहे."

"पानी त्ये पानी. समुद्रातलंच वर जातं अन् इथं खाली येतं. शाळेत शिकवत्यात आता." त्यानं बोटांवर मोजलं. "नऊ ते बारा फूट म्हंजी जोराचा. साताला वसरनार. धाला कोरडं. बराबर?"

"ते लाटेचं आहे, उत्तरेश्वर."

"मास्तर, तुमी टपाल वाचा. अर्थ लावायला गाव हाय."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. पावसाळा सरला की आमच्याकडं मेंढरं ओढ्यात धुतात आणि कातरतात. कातरलेलं मेंढरू उघडं असतं. त्यानंतर चार दिवसांत झड लागली तर ते उभ्या उभ्या गारठून मरतं, आणि एक मेलं की कळपच्या कळप बसतो. म्हणून कातरणीचा दिवस धरणं ही धनगरांच्या घरातली सगळ्यांत मोठी गोष्ट. तो दिवस चाळीस वर्षं बिरप्पा सांगत आला. यंदा लोक विचारायला गेले तेव्हा तो म्हणाला, "कागदावर हाय तर हाय."

दिवस ठरला दहा तारीख. चारशे मेंढरं.

समुद्र आमच्या गावापासून किती लांब आहे, हे कुणी मोजलेलं नाही. पण त्या पंधरवड्यात गावात लाटेखेरीज बोलणं नव्हतं. लोक शेताला जाता जाता दुकानात डोकावत आणि विचारत, "आज किती फूट?" मी कागद बघून सांगे. चार तारखेला असा पाऊस झाला की ओढा दोन दिवस ओलांडता आला नाही. उत्तरेश्वर भिजत दुकानात आला, घोंगडी झटकली आणि म्हणाला, "अकरा असंल." आठ तारखेला पाऊस थांबला. लोकांनी माना डोलावल्या.

हरणाबाई पहाटेच्या जात्यावर नवीन ओवी गाऊ लागली. आमच्या घराची आणि तिच्या घराची भिंत एकच, त्यामुळं ती मला पाठ झाली.

"दूरच्या गं देशी, पान्याला न्हाई काठ,
बाळ माझा मोजी, एकेक गं लाट.
लाट गं बाई लाट, वाट सोड माझ्या बाळा,
दसऱ्याच्या आदी, त्येला येऊ दे माळा."

नऊ तारखेला दुपारी पूर्वेकडं ढग आले. माझी बायको फरिदाबी अंगणात मिरच्या गोळा करत होती. ती म्हणाली, "मेंढरं मेली तर पत्र कुनी लिवलं ते कुनी इचारनार न्हाय. कुनी वाचलं ते इचारतील."

"मी लाटेचंच वाचलं."

"व्हय. तेच सांगा मेंढरांना."

दहा तारखेला आभाळ धुतल्यासारखं निघालं. दिवसभर ओढ्याच्या काठानं कात्र्यांचा आवाज चालला होता. चारशे मेंढरं कातरून झाली आणि लोकरीचे ढीग पडले. अकराला ऊन, बाराला ऊन, पंधरापर्यंत ऊन. उत्तरेश्वरनं पारावर जाहीर केलं की बिरप्पाच्या बापाच्या काळातही इतकी नेमकी भाकणूक झाली नव्हती.

सोळा तारखेला बिरदेव आला. हैदराबादच्या ट्रकमधून हमरस्त्याच्या फाट्यावर उतरला, तर समोर ढोल. उत्तरेश्वरनं जत्रेसाठी तेरखेड्याहून आणवलेले आवाजाचे बाण आधीच उडवले. बिरदेवच्या हातात पेटी नव्हती. अंगात कुणाचा तरी शर्ट होता, बाह्या कोपराच्या वर संपत होत्या. हरणाबाईनं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि त्याला गावात वाजतगाजत आणलं. वाटेत त्याला माळावर ती उघडी मेंढरं दिसली.

"इतक्या लवकर कुणी कातरली?" त्यानं विचारलं.

"तूच," उत्तरेश्वर म्हणाला.

दुपारी तो माझ्या दुकानात येऊन बसला. मशीनचं चाक हातानं एकदा फिरवलं.

"चाचा, दहाला बेटावर लाट किती होती, ठाऊक आहे का?"

"दोन-तीन फूट."

"अकरा फूट. उतरलीच नाही. मी लिहिलेलं सगळं चुकलं."

मी हातातली सुई खाली ठेवली. "मग तू निघालास कसा?"

"आगबोट बाहेर भोंगा देत होती. लाटा घोळक्यानं येतात, मेंढरांसारख्या. एक घोळका गेला की थोडा वेळ दार मोकळं असतं. म्हातारा नावाडी बघत बसला होता, एकदम म्हणाला, आता. आम्ही वल्ही मारली. मागनं एक लाट आली ती पेटी घेऊन गेली."

"अन् शर्ट?"

"आगबोटीवरच्या खलाशाचा."

मी त्याला चहा दिला. दुसरं काय द्यावं कळेना.

"त्या दिवशी इथं पाऊस आला असता तर?" तो म्हणाला.

"आला नाही ना."

"आला असता तर चारशे मेंढरं माझ्या कागदानं मेली असती. आणि अंगरखा घालून उभा राहिलो तर हे दर वर्षी. तिथं निदान नाव बांधून ठेवता येते, चाचा. इथं मी बोललो की लोक पेरतात."

"आबांना सांगितलंस?"

"त्यांनी मला बघितलं आणि रडले. तेव्हा कसं सांगू?"

तो दिवस गेला, दुसराही गेला. बिरदेव रोज सकाळी बापाशेजारी माळावर जाऊन बसायचा आणि संध्याकाळी ती गोष्ट न सांगताच परत यायचा. इकडं माझ्या फळीवर पंचांनी दिलेलं मांजरपाट पडून होतं. अंगरख्याला दर वर्षी एकच तुकडा मिळतो, जेमतेम एका अंगाचा, आणि तो देवापुढं ठेवून आणलेला असल्यानं दुसरा जोडता येत नाही. बिरप्पा आता वाकून एवढासा झाला होता आणि पोरगा दारात वाकून शिरणारा. बापाच्या मापानं कापला तर पोराच्या अंगात जाणार नाही, पोराच्या मापानं कापला तर बाप त्यात अडखळून पडेल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी उत्तरेश्वर तिसऱ्यांदा आला.

"कापला का?"

"माप घ्यायचंय."

"मग घ्या की. पोराचंच. त्यात इचार कसला करताय? रेल्वेचा कोट हाय का त्यो?"

या अंगरख्याचं माप टेपनं घ्यायचं नसतं. बिरप्पाच्याच कळपातल्या कच्च्या लोकरीचा दोरा वळायचा आणि त्याला गाठी मारायच्या. मी दोरा खिशात घातला आणि माळावर गेलो.

बिरप्पा बाभळीखाली घोंगडी टाकून बसला होता. बिरदेव शेजारी. भोवती कातरलेली मेंढरं चरत होती. लोकरीवाचून ती लहान आणि जरा ओशाळलेली दिसत. मी दोरा काढला.

"ऊठ रं," बिरप्पा मुलाला म्हणाला. "माप दे."

बिरदेव उठला नाही. मी दोरा हातात धरून उभा राहिलो. एक मेंढी येऊन माझ्या पायजम्याची नाडी चघळू लागली, ती मी सोडवून घेतली.

"आबा, माझं माप घेऊ नका," बिरदेव म्हणाला. "मी उभा राहणार नाही."

बिरप्पानं त्याच्याकडं बघितलं. खोकला आला, तो संपेपर्यंत आम्ही थांबलो.

"का रं?"

"मला देव काही सांगत नाही. मी लई कान दिला. तुम्हाला ऐकू येतं, मला येत नाही. यंदाचं जमलं ते चुकून जमलं. मी पाण्याचं लिहिलं, तेही चुकलं. मेंढरं वाचली त्यात माझं काही नाही."

मला वाटलं म्हातारा आता काठी उचलेल. त्यानं काठी उचलली, पण नाडी चघळणाऱ्या मेंढीला हाकलायला. मग म्हणाला, "तितं लाट केवढी हाय, ते तुला कोन सांगतं?"

"कुणी नाही. दारापाशी खांब रोवलाय, त्यावर फुटांच्या खुणा आहेत. मी बघतो."

"अन् उद्याची?"

"वारा बघतो. आभाळ बघतो. मागच्या सालांच्या वह्या चाळतो. आगबोटीवरचे लोक दक्षिणेकडनं आले की त्यांना विचारतो, तिकडं काय बघितलं. मग अंदाज लिहितो."

"चुकतो?"

"दहात तीनदा. कधी चारदा."

"मग सरकार काय करतं?"

"काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली लिहायचं. कालचा अंदाज चुकला, लाट अमुक फूट होती."

"चुकला म्हनून लिवायचं?"

"लिहावंच लागतं."

"तुझ्याच हातानं?"

"माझ्याच."

"अन् वर तुझं नाव?"

"खाली. सही असते."

वारा माळावरून गेला तशी मेंढरं एकमेकांना खेटून उभी राहिली. म्हातारा हातातल्या काठीनं जमिनीवर रेघ ओढत होता, पुसत होता, पुन्हा ओढत होता.

"एका सालाला म्या पाऊस सांगितला," तो म्हणाला. "हस्तात ईल म्हणलं. लोकांनी पेरलं. थेंब आला न्हाय. उत्तरेश्वराच्या बापानं बी खाल्लं त्या साली, पेरायचं बी. म्या वाट बघत हुतो कुनी तरी यील अन् म्हनंल, बिरप्पा, तू चुकलास. एक बी मानूस आला न्हाय. म्हनत, देवाची मर्जी. माझ्या पाया पडत. पुढच्या दसऱ्याला पुन्ना नवा अंगरखा." त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुझ्या बापानं शिवला हुता, गफार. लई ब्येस बसला हुता."

मी म्हणालो, "व्हय."

"म्या दसऱ्याआदी म्हैनाभर हिंडतो. मुंग्या कुठं वर चढत्यात बघतो. मेंढीचं कान बघतो. उमरग्याला जाऊन फाट्यावर बसतो, टरकवाल्यांना इचारतो, सोलापुराकडं काय, हैदराबादकडं काय. आडतीत जाऊन धान्याचं ऐकतो. अन् डोळं मिटून बोलतो."

"ते देवच दाखवतो, आबा," बिरदेव हळूच म्हणाला. आता तोच बापाची समजूत घालत होता.

"ऐक. माझा बाप जाताना म्या उशाशी हुतो. त्येनं माझा हात धरला अन् इचारलं, बिरप्पा, तुला ऐकू येतंय न्हवं? देव बोलतोय न्हवं तुझ्यासंगं? त्येचा जीव त्यातच अडकला हुता. म्या म्हणलं, व्हय, आबा, येतंय. मग त्यो गेला." बिरप्पानं काठी खाली ठेवली. "चाळीस वर्सं झाली. तुझ्या आईला बी सांगितलं न्हाय. मला एकदा बी ऐकू आलं न्हाय, बिरदेवा. एकदा बी न्हाय."